खासदाराचं ढीगभर, नगरसेवकाचं चिमूटभर: मतदारासाठीच्या ऑनलाइन सेवांची सोलापुरातून पारख

सोलापूर जिल्ह्यातला मतदार मोबाइलवर आपला उमेदवार शोधायला बसला की पहिली अडचण येते ती पत्त्याची. खरं-खोटं नंतर. जिल्ह्यात विधानसभेचे ११ मतदारसंघ, पण ते तीन लोकसभांत वाटलेले. मोहोळ, शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, दक्षिण आणि पंढरपूर हे सहा सोलापुरात. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस हे माढ्यात, साताऱ्याच्या फलटण आणि माणच्या जोडीला. बार्शी तर थेट धाराशिवात. बार्शीकरानं लोकसभेला 'सोलापूर' टाकून शोध घेतला तर तो भलत्याच लोकांची शपथपत्रं वाचत बसेल. शहरात आणखी एक खड्डा आहे. २००८ च्या पुनर्रचनेआधी 'सोलापूर शहर दक्षिण' असा मतदारसंघ होता. नरसय्या आडम तिथून १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा आमदार झाले. आज जो आहे तो नुसता 'सोलापूर दक्षिण', आणि तो वेगळा. जुन्या निकालांचा तक्ता नव्या नावाखाली चिकटवलेला दिसला की त्या पानावरचं बाकीचंही सावधपणे वाचा.

इथे पारख केली आहे ती अनेकांनी मिळून भरलेल्या, तपासलेल्या, खोडलेल्या माहितीची: मायनेता (उमेदवारांच्या शपथपत्रांचे तक्ते), मराठी विकिपीडिया, पीआरएस (खासदारांच्या संसदेतल्या कामाची नोंद), एक्सवरच्या कम्युनिटी नोट्स (पोस्टखाली लोकांनी जोडलेल्या टिपा) आणि अर्थातच व्हॉट्सॲप. (पीआरएसचं काम अभ्यासक करतात, लोक नाहीत, पण त्याच्याशिवाय खासदाराचा हिशेब लागत नाही म्हणून ते घेतलं.) कल्पना तशी जुनी. २००६ च्या जुलैत विकिपीडियाच्या जिमी वेल्स यांनी निवडणुकीच्या राजकारणासाठी वेगळा विकी उघडला होता, त्याचा जम बसला नाही. अमेरिकेतलं बॅलटपीडिया २००७ मध्ये कुणीही लिहावं असं सुरू झालं, आज ते पगारी माणसं लिहितात. कारण उघड आहे. राजकारणावर फुकट लिहायला जो धावत येतो, तो बहुतेक वेळा कुणाचा तरी माणूस असतो. म्हणून प्रत्येक सेवेला तीनच प्रश्न विचारले: मूळ कागद दाखवते का, चूक कुणी आणि कधी दुरुस्त केली ते दिसतं का, आणि नगरसेवकापर्यंत पोचते का. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक सगळ्या आपटल्या.

मायनेता: पाचापैकी चार

सगळ्यात कामाची सेवा हीच, आणि सगळ्यात जास्त गैरवापरही हिचाच. अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी १९९९ मध्ये एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) ही मायनेता चालवणारी संस्था काढली आणि उमेदवारांची माहिती मतदाराला मिळावी म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २ मे २००२ चा. त्यावर पाणी टाकायला संसदेनं कायद्यात कलम घातलं, ते १३ मार्च २००३ ला न्यायालयानं रद्द केलं. आज उमेदवार जे 'नमुना २६' मधलं शपथपत्र देतो, ते तिथून आलं. ते भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर स्कॅन करून चढवलं जातं. म्हणजे तो कागदाचा फोटोच. त्यात शब्द शोधता येत नाही, कधी अक्षर लागत नाही, कधी पान आडवं असतं. मायनेताचं काम म्हणजे तो ढिगारा वाचून तक्त्यात बसवणं: गुन्हे, शिक्षण, जंगम, स्थावर, कर्ज.

आता वापरायचं कसं. मायनेतावर आधी निवडणूक निवडा, मग जिल्हा, मग मतदारसंघ. समोर उमेदवारांची यादी येते, त्यात गुन्ह्यांचा आकडा असतो. इथेच बहुतेकजण थांबतात, स्क्रीनशॉट काढतात आणि व्हॉट्सॲपच्या गटावर टाकतात: 'याच्यावर १२ गुन्हे!' थांबू नका. नावावर टिचकी मारून कलमं वाचा. सोलापूर हे विडी कामगारांचं, यंत्रमागाचं आणि उसाच्या दराच्या आंदोलनांचं गाव. रास्ता रोको केला, जमावबंदीत मोर्चा नेला की जुन्या दंडसंहितेतली १४३, १४७, १८८, ३४१ ही कलमं आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचं १३५ लागतं. असे बारा गुन्हे आणि ४२० (फसवणूक) किंवा ३०७ (खुनाचा प्रयत्न) चा एक गुन्हा यांची तुलना आकड्यानं होत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे नव्या शपथपत्रांत दोन्ही क्रमांक सापडतील: जुनं १८८ म्हणजे नवं २२३, जुनं ३०७ म्हणजे नवं १०९, जुनं ४२० म्हणजे नव्या ३१८ चं चौथं उपकलम. २०१९ ची आणि जुलै २०२४ नंतरची शपथपत्रं शेजारी ठेवताना हे क्रमांक ध्यानात ठेवा.

दुसरा रकाना वाचायचा तो दोषारोप निश्चित झाले की नाही याचा. शपथपत्रात एफआयआरचा क्रमांक, न्यायालयाचं नाव आणि खटल्याचा क्रमांक असतो. तो न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर टाका. खटल्याचा १६ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक (सीएनआर) असेल तर एका फटक्यात पान उघडतं. नसेल तर जिल्हा, न्यायालय संकुल, खटल्याचा प्रकार (आरसीसी म्हणजे दंडाधिकाऱ्यांपुढचा नियमित फौजदारी खटला, एससीसी म्हणजे संक्षिप्त), क्रमांक आणि वर्ष भरा. पुढची तारीख काय, किती वेळा पुढे गेली, सगळं दिसतं. हे मायनेता दाखवत नाही.

संपत्तीच्या आकड्यात तर हमखास घोळ होतो. 'पाच वर्षांत संपत्ती चौपट' ही बातमी दर निवडणुकीला निघते. शपथपत्रात स्थावराची चालू बाजारभावानं किंमत लिहायची असते आणि ती उमेदवारच लिहितो. होटगी रोडला किंवा अक्कलकोट रस्त्याला असलेली तीच जमीन, भाव वाढला की रुपयांत फुगते. माणसानं नवं काही घेतलेलं नसतं. म्हणून रुपये जुळवू नका, जमिनीचा गट क्रमांक आणि क्षेत्र जुळवा. मागच्या शपथपत्रात नसलेला गट या वेळी दिसला, तर खरेदीचं वर्ष आणि खरेदीची किंमत त्याच पानावर खाली लिहिलेली असते. सातबारा सरकारी संकेतस्थळावर नुसता पाहायला पैसे लागत नाहीत, डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. सोन्याचंही तसंच: ग्रॅम बघा, किंमत नको. पती किंवा पत्नी आणि अवलंबितांचे रकाने वेगळे असतात, मायनेताच्या एकूण आकड्यात ते मिसळतात. जाणकार जो रकाना सगळ्यात आधी उघडतात तो म्हणजे ९-ब, सरकारी कंत्राटं. स्वतःची, जोडीदाराची, भागीदारीतल्या संस्थेची. सरकारचं काय काम घेतलंय हे तिथे असायला हवं.

उणिवा सांगायच्या तर पानं प्रामुख्यानं इंग्रजीत. मराठी हस्ताक्षरातलं आडनाव इंग्रजीत जाऊन परत मराठीत येईपर्यंत ओळखू येत नाही, आणि सारख्या नावाचे अपक्ष उभे करण्याची आपल्याकडची जुनी खोड पाहता हे गंभीर आहे. नावासोबत वय आणि पक्ष जुळवल्याशिवाय पान खरं मानू नका. टंकताना शून्य वाढलं किंवा गळलं असंही होतं. मायनेता आणि मूळ शपथपत्र यांत फरक दिसला तर शपथपत्र खरं.

आणि खुद्द शपथपत्र खोटं असेल तर? निवडणूक निर्णय अधिकारी त्यातल्या मजकुराची खातरजमा करत नाही. रकाना कोरा सोडला आणि सूचना देऊनही भरला नाही तर अर्ज जातो, एवढंच. खोट्या शपथपत्राला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे, पण ते पुढे न्यायालयात. एक वाट मात्र सामान्य मतदाराच्या हातात आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते: कुणीही उलट माहिती शपथेवर देऊन प्रतिशपथपत्र दाखल करू शकतो, आणि तेही मूळ शपथपत्राबरोबर लोकांसमोर ठेवलं जातं. गटावर दहा ओळी खरडण्यापेक्षा नोटरीपुढे एक पान केलेलं बरं.

मराठी विकिपीडिया: पाचापैकी अडीच, इतिहासाच्या पानाला मात्र पाच

१ मे २००३ ला सुरू झालेला हा ज्ञानकोश मतदारसंघाच्या पातळीवर उपयोगी आहे. सोलापूरची जागा २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, २०२४ ला प्रणिती शिंदे यांनी राम सातपुते यांना ७४,१९७ मतांनी हरवलं, अशी कागदाला बांधलेली माहिती तिथे टिकते, कारण ती खोडली तर दुसरा कुणीतरी परत लावतो. विशेषणांचं तसं होत नाही. 'धडाडीचे', 'जनतेच्या मनातले', 'विकासपुरुष' असे शब्द नेत्याच्या पानावर दिसले की खाली संदर्भाचा आकडा आहे का बघा. बहुधा नसतो, किंवा असतो तो वाढदिवसाच्या पुरवणीचा. पुरवणी म्हणजे पैसे मोजून छापलेली जाहिरात. विकिपीडियाच्या नियमात तिला स्वतंत्र स्रोत म्हणत नाहीत.

खरी किंमत आहे ती वरच्या 'इतिहास पहा' या कळीची. ती दाबली की प्रत्येक बदल तारीख-वेळेसह एका ओळीत दिसतो. शेजारी मजकूर किती बाइटनं वाढला किंवा कमी झाला त्याचा आकडा, वाढ असेल तर अधिक आणि घट असेल तर उणे. निवडणूक जाहीर झाल्यावरच्या तारखा शोधा. मोठा उणे आकडा दिसला तर त्याच्या आधीची आवृत्ती आणि नंतरची आवृत्ती यांच्यासमोरचे गोल निवडून तुलना करा. डावीकडे जुना मजकूर, उजवीकडे नवा. 'वाद' नावाचा आख्खा परिच्छेद रात्री दीड वाजता गायब झालेला दिसला, तर पानावर आज जे आहे त्यापेक्षा जे काढलं ते जास्त सांगतं. खातं न काढता केलेल्या बदलापुढे नावाऐवजी आकडे असतात. आकडे म्हणजे लबाडी असं नव्हे, पण ज्यानं दुसरं काहीच न लिहिता फक्त एकाच नेत्याचं पान सहा वेळा चकचकीत केलंय, त्याचं काम ओळखायला पदवी लागत नाही. पुढे 'चर्चा' कळ दाबा. तिथे भांडण असेल तर चांगलं लक्षण समजा. रिकामी चर्चा म्हणजे पानाला राखणदार नाही, आणि मराठीत अशी पानं फार. इंग्रजी पानावर त्याच नेत्याबद्दल दहा संपादक एकमेकांवर नजर ठेवून असतील, मराठीत एखादाच. म्हणून वादाच्या मुद्द्यावर इंग्रजी आणि मराठी दोन्ही पानं उघडून फरक पाहा.

दुरुस्ती करायची असेल तर पद्धत ठरलेली आहे. एका वेळी एकच बदल, खाली 'संपादन सारांश' मध्ये कारण, आणि दुवा वर्तमानपत्राचा, शासन निर्णयाचा किंवा निकालपत्राचा. स्वतःच्या पक्षाच्या पानाला हात लावू नये. चर्चापानावर सुचवावं आणि दुसऱ्याला करू द्यावं. आल्याआल्या तीन परिच्छेद ओतले तर ते उडतात, आणि मग 'आम्हाला लिहू देत नाहीत' अशी ओरड होते.

अडीचच गुण का? आमदार-खासदार झालेल्या माणसाचं पान होतं, नगरसेवकाचं निव्वळ नगरसेवक म्हणून होत नाही, हा इंग्रजी विकिपीडियाचा लिखित नियम आणि इतरत्रही तीच रीत. ज्ञानकोश म्हणून ते योग्यच. पण नळाला पाणी चार दिवसांनी का येतं हे विचारायचं असतं ते नेमकं ज्याचं पान होत नाही त्याला.

पीआरएस आणि कम्युनिटी नोट्स, थोडक्यात

खासदार लोकसभेत किती दिवस हजर, किती प्रश्न, किती चर्चा, हे पीआरएसवर नीट मिळतं. चार गुण. फक्त एक जाळं ओळखा: मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्न विचारत नाहीत, त्यांना उत्तरं द्यायची असतात. सुशीलकुमार शिंदे २००९ ते २०१४ सोलापूरचे खासदार होते, आधी ऊर्जामंत्री, मग गृहमंत्री. त्या काळातला 'शून्य प्रश्न' हा आकडा उचलून पोस्टर करणारा एकतर अडाणी किंवा वस्ताद. प्रश्नांची संख्या हेही मोजमाप कच्चंच. प्रश्नांचे विषय वाचा, त्यात उजनी धरण, हातमाग, रेल्वे किती वेळा आलं ते पाहा. आमदारासाठी एवढं तयार पान नाही, विधिमंडळाच्या कामकाजाच्या पीडीएफ चाळाव्या लागतात. मुंबईतल्या आमदार-नगरसेवकांचा ताळेबंद प्रजा फाउंडेशन काढतं; सोलापूरकरानं तो वाचून हेवा करावा.

एक्सच्या कम्युनिटी नोट्स भारतात एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर आल्या. युक्ती हुशार आहे: एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांनी दोघांनीही 'उपयोगी' म्हटलं तरच टीप सगळ्यांना दिसते. एका पक्षाची टोळी मतं टाकून टीप वर आणू शकत नाही. पण त्यासाठी दोन्हीकडची पुरेशी माणसं हवीत. सोलापुरातल्या शेळगीच्या रस्त्यावरच्या मराठी पोस्टला ती कुठून येणार? दिल्लीच्या भांडणासाठी तीन गुण, सोलापूरसाठी एक.

व्हॉट्सॲप: गुण देता येत नाहीत, पण टाळताही येत नाही

शहराचं राजकारण खरं तर इथेच चालतं. कंपनीनं २०१८ पासून भारतात फॉरवर्ड पाच ठिकाणांवर आणलं, एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला संदेश एका वेळी एकाच चॅटमध्ये जातो. संदेशावर दुहेरी बाण दिसला की तो किमान पाच हात फिरून आलाय. बाण दिसत नाही म्हणजे खरा असंही नाही. स्क्रीनशॉट काढून नव्यानं टाकला की बाणाचा हिशेब पहिल्यापासून.

सोलापुरात जास्त चालतं ते कात्रण. वर्तमानपत्राच्या बातमीचा कापलेला फोटो, त्यात कधी तारीख नाही, कधी पान क्रमांक नाही. तपासणी अशी: आधी तारीख मागा. मग त्या दैनिकाचा त्या दिवसाचा सोलापूर आवृत्तीचा ई-पेपर उघडा आणि तीच बातमी त्याच जागी आहे का बघा. बनावट कात्रणात शीर्षकाचा टंक नेहमीच्या टंकाहून किंचित वेगळा असतो, ओळींमधलं अंतर विसकटतं, आणि बातमीदाराचा उल्लेख 'प्रतिनिधी' एवढाच राहतो. तारीख खरी पण वर्ष जुनं, हा दुसरा प्रकार. उजनी उणेमध्ये गेल्याची, म्हणजे धरणातला उपयुक्त साठा संपल्याची बातमी दर काही उन्हाळ्यांनी खरीच असते, फक्त ती यंदाची नसते.

या शहराची आणखी एक अडचण म्हणजे भाषा. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, जोडीला उर्दू. तेलुगूतला मजकूर पलीकडच्या राज्यातल्या निवडणुकीचा असला तरी इथे स्थानिक म्हणून फिरतो, आणि मराठी सत्यशोधकांच्या नजरेला तो पडत नाही. गूगल लेन्सनं फोटोतला मजकूर भाषांतरित करून गावाचं, पक्षाचं नाव वाचा, निम्म्या गोष्टी तिथेच उलगडतात. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेली डीपफेक तपासणीची व्हॉट्सॲप सेवा इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आली. मराठीत नाही. म्हणजे अशोक चौकातल्या तेलुगू भाषकाला जी सोय, ती नव्या पेठेतल्या मराठी माणसाला नाही. मराठी दाव्यांसाठी फॅक्ट क्रेसेंडोचं मराठी पान उपयोगी, पण तेही राज्यभर गाजलेल्या गोष्टींपुरतं.

गटाचा प्रमुख काय करू शकतो? निवडणुकीच्या काळात 'फक्त ॲडमिन' हा पर्याय लावणं हा सोपा आणि वाईट उपाय. चूक सांगणाराही त्यात गप्प होतो. त्यापेक्षा एकच नियम चालतो: तारीख आणि मूळ दुवा नसेल तर संदेश टाकणाऱ्यानंच तो पुसायचा, वाद घालायचा नाही. मतदानाच्या आधीच्या ४८ तासांत जे येतं ते उत्तर द्यायला वेळच राहू नये म्हणून येतं. त्या दोन दिवसांत नवीन आरोप पुढे ढकलायचाच नाही.

प्रभागाचं काय?

१५ जानेवारी २०२६ ला, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या ऐन गर्दीत, महापालिकेचं मतदान झालं. १०२ जागा, २६ प्रभाग, बहुतेक ठिकाणी चार जागा: अ, ब, क, ड. म्हणजे एका मतदाराला चार वेगवेगळ्या लढतींतले उमेदवार कळायला हवेत. आणि इथे वरची बहुतेक दुकानं बंद. ही निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची असल्यानं भारत निवडणूक आयोगाच्या शपथपत्रांच्या संकेतस्थळावर नगरसेवकाचा उमेदवार शोधून सापडत नाही. लोक तिथे अर्धा तास घालवतात आणि 'माहिती दडवली' म्हणतात. माहिती असते ती राज्य आयोगाकडे आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या फलकावर. मागचं काम तपासायला जावं तर मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं प्रशासक होता, सभाच नव्हती. हजेरी काढायची तर २०१७ ते २०२२ ची. ती माहिती अधिकारात मिळते: १० रुपये शुल्क, प्रतीला पानामागे २ रुपये, ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा. 'माझ्या नगरसेवकानं काय केलं' असं लिहिलं तर उत्तर येणार 'माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही'. 'सर्वसाधारण सभांच्या अमुक ते तमुक तारखेच्या हजेरीपत्रकांच्या प्रती' असं लिहिलं तर कागद येतो.

प्रभागासाठी चालणारी गोष्ट म्हणजे पाच-सहा जणांनी मिळून ठेवलेला एक साधा ऑनलाइन तक्ता. रकाने सात: दावा, कुणी केला, कुठे, तारीख, कागद, पहिला तपासणारा, दुसरा तपासणारा. पाहण्याचा हक्क सगळ्यांना, टिप्पणीचा कुणालाही, बदलाचा फक्त त्या पाच-सहांना. ब्रिटनमध्ये डेमोक्रसी क्लबचे स्वयंसेवक उमेदवारांच्या याद्या भरतात तेव्हा एकानं भरलेली यादी दुसऱ्यानं अधिकृत कागदाशी पडताळून मगच कुलूपबंद करतात. तीच शिस्त इथे हवी, आणि दोघे तपासणारे एकाच पक्षाच्या ओढीचे नकोत. हे न पाळलं की तक्ता तीन आठवड्यांत प्रचारपत्रक होतो.

एक नमुना बघा. 'विडी कामगारांना ३० हजार घरं आम्ही दिली.' कुंभारीच्या रे नगर या घरकुल प्रकल्पाबद्दलचा हा दावा एका ओळीत तपासता येत नाही, तो फोडावा लागतो. भूमिपूजन कधी? ९ जानेवारी २०१९, पंतप्रधानांच्या हस्ते, प्रकल्प ३० हजार घरांचा. चाव्या कधी? १९ जानेवारी २०२४, त्या दिवशी सुमारे १५ हजार घरांच्या. म्हणजे त्या तारखेला '३० हजार दिली' चूक, '३० हजार मंजूर' बरोबर. पैसा कुणाचा? भूमिपूजनाच्या वेळी जाहीर झालेला खर्च सुमारे १,८११ कोटी, त्यात केंद्र-राज्याची मदत ७५० कोटी. ३० हजारांनी भागा: घरामागे साधारण सहा लाख खर्च, अडीच लाख सरकारी, उरलेले साडेतीन लाख कामगारानं आणि त्याच्या कर्जानं. आता 'आम्ही' या शब्दात कोण कोण बसतं ते मतदार ठरवेल. त्यात मागणीसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढणारी कामगार संघटनाही येते. तक्त्यात 'श्रेय' असा रकाना ठेवू नका, तो कधीच भरून होत नाही. विमानसेवेचंही असंच: होटगी रोडच्या विमानतळाचं उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४, गोव्याचं पहिलं प्रवासी विमान ९ जून २०२५. मधल्या आठ महिन्यांत लागलेल्या प्रत्येक 'विमानसेवा सुरू' फलकापुढे तारीख लिहिली की पुरे.

कायद्याचं भान ठेवा. उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल निवडणुकीवर परिणाम व्हावा म्हणून खोटं विधान छापणं हा न्याय संहितेच्या १७५ खाली गुन्हा आहे, बदनामीचं ३५६ वेगळंच. तक्त्यात कागदाचा रकाना रिकामा असेल तर ती ओळ लपवून ठेवायची, 'लोक म्हणतात' म्हणून उघडी टाकायची नाही.

राहिला साठवणुकीचा भाग, आणि नेमकं तिथेच सगळे चुकतात. संकेतस्थळं बदलतात, दुवे मरतात, पाच वर्षांनी तुलना करायला जुनं शपथपत्रच सापडत नाही. उमेदवारी मागे घ्यायची मुदत संपली त्याच संध्याकाळी आपल्या प्रभागाच्या चारही जागांची शपथपत्रं उतरवून घ्या. साधारण एका प्रभागाची पंधरा ते तीस निघतात. फाइलला नाव देताना प्रभाग, जागा, आडनाव, वर्ष हाच क्रम ठेवा, 'प्र०७-ब-आडनाव-२०२६' असा, म्हणजे यादी आपोआप लागते. फोनमध्ये ठेवू नका, गटातल्या दोघांच्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवा. स्कॅनमध्ये एखादं पान गळलेलं असेल तर निवडणूक कार्यालयातल्या फलकावरून त्याचा फोटो त्याच दिवशी काढून घ्या. मतदान झालं की फलक उतरतो.